मेन पाडून जाऊ नका

गौरी-गणपती आटोपले की लांजा तालुक्यातली कित्येक घरं पुन्हा कुलपाआड जातात. निघण्याच्या सकाळचा क्रम ठरलेला असतो. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, विहिरीवरच्या पंपाचा स्विच बंद, उरलंसुरलं दूध शेजारी, तुळशीला शेवटचा तांब्या, आणि बाहेर पडता पडता मेन स्विच खाली. ही शेवटची सवय शहाणपणाचीच आहे. जुनं वायरिंग, पावसात ओल धरणाऱ्या भिंती, माळ्यावरचे उंदीर. माणूस नसलेल्या घरात वीज जिवंत ठेवायची कशाला? शिमग्याला आल्यावर मेन वर केला की झालं.

गेल्या काही वर्षांत मात्र याच घरांच्या वळचणीखाली पांढरा, मान फिरवणारा कॅमेरा दिसू लागला आहे. डोंबिवलीत किंवा विरारला बसून फोनवर बोट सरकवलं की इकडे शिपोशीत किंवा भांबेडात त्याची मान वळते. बेडं म्हणजे कुंपणाचं फाटक दिसतं, अंगण दिसतं, गोठ्यामागची वाट दिसते. ज्या घरात वर्षातला बराच काळ कोणी नसतं त्याच्यासाठी ही सोय मोठीच. पण मेन पाडला तर कॅमेरा नाही, आणि मेन चालू ठेवायचा तर ज्या भीतीने तो पाडत होतो तिचा बंदोबस्त आधी करायला हवा.

म्हणून या प्रकरणाचा भर विजेवर आहे. कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि ॲडॉप्टरचे अँपिअर बारीक अक्षरांत. बंद घरापुरतं बोलायचं तर छपाई उलटी हवी होती. माणसं राहत असलेल्या घरात वीज जाते-येते, कोणीतरी ट्रिप झालेला स्विच वर करतं, राउटरची पिन काढून पुन्हा घालतं, आणि त्याला काम म्हणतही नाही. बंद घरात हे करायला कोणी नाही. ते आपोआप होईल अशी सोय आधी लावायची. कॅमेरा निवडायचा तो त्यानंतर.

मान आणि डोळा

बाजारात याला पीटीझेड म्हणतात. पॅन म्हणजे आडवं फिरणं, टिल्ट म्हणजे वर-खाली होणं, झूम म्हणजे लांबचं जवळ आणणं. आत दोन छोट्या स्टेपर मोटरी असतात. ही मोटर पंख्याच्या मोटरीप्रमाणे गरगरत नाही. विजेच्या प्रत्येक ठोक्याला ठरावीक अंश सरकते आणि थांबते. त्यामुळे मान किती वळली हे कॅमेरा ठोके मोजून ओळखतो. वीज गेली की ही मोजणी पुसली जाते. वीज परत आल्यावर कॅमेरा एकदा पूर्ण या टोकाला, एकदा त्या टोकाला जातो, ते टोक सापडल्यावर पुन्हा शून्यापासून मोजू लागण्यासाठी. नवीन माणसाला वाटतं की तो बिघडला. घरगुती कॅमेऱ्याची मान बहुतेक वेळा ३५५ अंशांपर्यंतच फिरते. आतल्या वायरींना पीळ पडू नये म्हणून मध्ये अडसर ठेवलेला असतो. चौकातल्या मोठ्या स्पीड डोममध्ये वायरींऐवजी स्लिप रिंग असते, म्हणून तो कितीही वेळा गोल फिरू शकतो.

घरासाठीचा पहिला कॅमेरा हा मुळात हलणाराच होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका. कामाच्या वेळा अवेळी, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, तोही बऱ्याचदा रात्री घराबाहेर. दार वाजलं तर उघडायचं कसं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. दोघांनी मिळून जी रचना केली तिच्यात दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं होती आणि त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा होता, म्हणजे आलेला माणूस उंच असो की लहान मूल, चेहरा दिसणार. चित्र आतल्या खोलीतल्या टीव्हीवर, बोलण्याची सोय, आणि दुरूनच कडी काढण्याचं बटण. १९६६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. आजच्या फोनवरच्या ॲपमध्ये जे आहे त्यातलं बहुतेक सगळं त्यात होतं.

झूमच्या बाबतीत मात्र दुकानात जपून. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर हलतात. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणून मोठं केलेलं. फरक किती पडतो ते लांज्यातल्या अंगणापुरतं मोजून पाहू. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे चित्राची रुंदी १९२० ठिपके. सेन्सर साधारण साडेपाच मिलिमीटर रुंद आणि भिंग ४ मिलिमीटरचं धरलं, तर २० मीटरवरच्या बेड्यापाशी साडेसत्तावीस मीटर रुंदीचा देखावा चौकटीत येतो. म्हणजे दर मीटरला सुमारे ७० ठिपके. माणसाचा चेहरा १६ सेंटिमीटर रुंद, त्याच्या वाट्याला ११ ठिपके. कोणीतरी आलंय एवढं कळेल. कोण आलंय ते नाही. अनोळखी माणसाची ओळख पटायला आंतरराष्ट्रीय मानकात मीटरला २५० ठिपके धरतात. चौपट ऑप्टिकल झूम केला की मीटरला २८० मिळतात आणि काम होतं. डिजिटल झूम सोळा पट केला तरी ते ११ ठिपके ११च राहतात, फक्त ओबडधोबड चौकोन होऊन.

आता या कॅमेऱ्याची खोड. तो एका वेळी एकाच दिशेला पाहतो. बेड्याकडे तोंड असताना परसातून कोणी आलं तर त्याच्या लेखी काहीच घडलं नाही. त्यामुळे पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते असतील, तर माझं मत साधा, न फिरणारा, रुंद भिंगाचा कॅमेरा ओटीसमोर लावावा असंच आहे. फिरता कॅमेरा शोभतो तो दुसरा म्हणून. स्थिर कॅमेरा इशारा देतो आणि फिरता जवळ जाऊन पाहतो.

बसवायची जागाही विचार करून ठरवावी. कोकणातल्या जुन्या घरांची दर्शनी बाजू बरेचदा पूर्वेला असते. कॅमेरा सरळ तिकडे तोंड करून ठेवला तर सकाळचा तासभर त्याला सूर्याशिवाय काही दिसत नाही. विश्रांतीची दिशा थोडी तिरपी, उत्तरेकडे झुकलेली ठेवावी. ॲपमध्ये ही जागा प्रीसेट म्हणून साठवता येते आणि ‘वीज आल्यावर इथेच परत ये’ असं सांगताही येतं. ते सांगायचं राहिलं तर पहिल्याच खंडित पुरवठ्यानंतर कॅमेरा अडसरापाशी, भिंतीकडे तोंड करून बसतो.

उंची दहा-अकरा फूट, वळचणीच्या आत, पागोळ्यांपासून हातभर मागे. जांभ्याच्या चिऱ्यात ड्रिल सहज जातं, पण तोच त्याचा दोष. दगड सच्छिद्र, लाल भुकटी पडते आणि प्लास्टिकची गिट्टी सैल राहते. स्थिर कॅमेऱ्याला ते चालून जातं. फिरत्या कॅमेऱ्याचा दर वळणाला हिसका बसतो आणि दोन पावसाळ्यांत तो मान टाकतो. चिऱ्यांच्या सांध्यात स्क्रू मारू नये. चिऱ्याच्या मध्यभागी लांब अँकर घालावा, किंवा वाशाला सागाची फळी पक्की करून तिच्यावर कॅमेरा बसवावा. फळीचा फायदा असा की पुढे कॅमेरा बदलला तरी भिंतीला नवी भोकं पडत नाहीत.

बारा व्होल्टची वाट

बहुतेक घरगुती फिरते कॅमेरे १२ व्होल्ट डीसीवर चालतात. अगदी छोटे ५ व्होल्टवर, चौकातले मोठे बरेचदा २४ व्होल्ट एसीवर. ॲडॉप्टर घरात आणि कॅमेरा बेड्यापाशी असेल तर मधल्या वायरीत काय होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण ‘दिवसा चालतो, रात्री बंद पडतो’ या तक्रारीचं मूळ तिथे असतं.

समजा अंतर ३० मीटर. वीज जाऊन परत यायची, म्हणजे वायर ६० मीटर. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध एवढ्या लांबीला सुमारे २.२ ओहम भरतो. दिवसा कॅमेरा चार वॅट घेतो, प्रवाह एक तृतीयांश अँपिअर, वायरीत पाऊण व्होल्ट गळतो, काही बिघडत नाही. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यात कोणी मान फिरवली की मोटरी चालू. मागणी १२ वॅटवर जाते. १२ व्होल्टला १२ वॅट म्हणजे एक अँपिअर, म्हणजे वायरीत २.२ व्होल्ट गळणार आणि कॅमेऱ्यापाशी ९.८ उरणार, असं वाटतं. पण कॅमेऱ्याला वॅट हवे असतात. व्होल्ट कमी पडले की तो जास्त अँपिअर ओढतो, जास्त अँपिअरने गळती आणखी वाढते, आणि ही ओढाताण ९ व्होल्टच्या आसपास जाऊन थांबते. काही कॅमेरे तिथे तग धरतात, काही रिसेट होतात. रिसेट झाले की दिवे विझतात, व्होल्ट वर येतात, कॅमेरा जागा होतो, अंधार पाहून दिवे लावतो, पुन्हा पडतो. रात्रभर हेच.

सीसीटीव्हीसाठी दुकानात जी थ्री प्लस वन केबल मिळते, तिच्यातल्या वीजवाहक तारा बारीक असतात, आणि स्वस्तातल्या केबलमध्ये त्या तांब्याच्याही नसतात. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. वरच्या उदाहरणात ती घातली तर रोध सुमारे ३.४ ओहम होतो, आणि मग १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरने त्या टोकाला जास्तीत जास्त साडेदहा वॅटच पोचू शकतात. कॅमेरा कितीही चांगला असो, बारा वॅट मिळणं भौतिकशास्त्रातच बसत नाही. अशा वेळी वायरमन ‘जास्त अँपिअरचा ॲडॉप्टर टाकू’ म्हणतो. त्याने काडीचाही फरक पडत नाही, कारण कमतरता ॲडॉप्टरात नाही, वाटेत आहे. तार ओळखायची साधी रीत म्हणजे टोक ब्लेडने खरवडायचं. आतून पांढरी दिसली तर ती दुकानदाराला परत.

यावरचा खरा उपाय म्हणजे व्होल्ट वाढवून नेणं. तेच १२ वॅट ४८ व्होल्टवर नेले तर प्रवाह पाव अँपिअर, आणि गळती प्रवाहाच्या वर्गाने कमी होत असल्याने वायरीतली हानी सोळाव्या हिश्शावर येते. महापारेषणचे मनोरे लाखो व्होल्ट वाहतात त्यामागे हेच कारण, आणि घरातल्या नेटवर्क केबलमधून वीज देणाऱ्या पीओईमागेही हेच. एकच केबल, तिच्यातून चित्रही आणि वीजही, १०० मीटरपर्यंत. २००३च्या मानकात स्विचकडून १५.४ वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅटची हमी असते. २००९च्या मानकात ३० आणि २५.५. भरपूर इन्फ्रारेड दिवे असलेल्या फिरत्या कॅमेऱ्याला दुसरं मानक घ्यावं. पीओईचा स्विच वीज सोडण्यापूर्वी पलीकडे २५ किलोओहमचा ठराविक रोध आहे का ते तपासतो, तो नसेल तर गप्प राहतो. ‘पॅसिव्ह पीओई’ नावाने मिळणारा स्वस्त डबा असं काही विचारत नाही. पलीकडे काहीही असो, व्होल्ट ढकलून मोकळा.

केबल भिंतीतून आत येते तिथे तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, भोकातून घरात येत नाही. खोक्यावरचं आयपी ६६ कॅमेऱ्याच्या खोळीपुरतं असतं. कॅमेऱ्यातून जी वीतभर शेपटी बाहेर येते आणि जिच्यात आपण केबलचा जॅक खोचतो, तिला ते लागू नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यात तो जोड उघडा राहिला तर पहिल्याच श्रावणात पितळी पिनांवर हिरवा थर येतो. जोड बंद डब्यात, आणि डब्याची वायर आत जाण्याची भोकं खालच्या बाजूला.

वीज गेल्यावर, वीज आल्यावर

कोकणात वीज जाते. जूनच्या पहिल्या वाऱ्यात आंब्या-फणसाची फांदी तारांवर येते आणि माणसं दुरुस्तीला पोचेपर्यंत रात्र उलटते. ३ जून २०२०चं निसर्ग आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातलं तौक्ते ही तर चक्रीवादळं होती. दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांनी निसर्गनंतर आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेवढ्याची तयारी घरगुती कॅमेऱ्यासाठी करत बसू नये. एका रात्रीची करावी.

हिशोब सोपा आहे. कॅमेरा सरासरी ६ वॅट, फायबरचा डबा आणि राउटर १० वॅट, पीओई स्विच ४ वॅट. एकूण २० वॅट, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आत आणि महिन्याला पंधराच्या आत. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर ८००० एमएएच असा आकडा असतो. तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेरच्या १२ व्होल्टचा नाही. साठा भरतो ३० वॅट-तासांच्या आसपास, म्हणजे आपल्या २० वॅटला जेमतेम दीड तास. घरचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी हे प्रकरण दणदणीत वाटतं. पण रिकामा इन्व्हर्टर स्वतःच वीसेक वॅट खातो, म्हणजे अर्धी बॅटरी तो स्वतःलाच पोसतो. शिवाय ट्युब्युलर बॅटरीला पाणी घालायला माणूस लागतो. बंद घराला त्याहून बरी १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, २० अँपिअर-तासांची, डीसी यूपीएसला जोडलेली. २५६ वॅट-तास, पाणी नाही, एसी करून पुन्हा डीसी करण्याचा वळसा नाही, आणि गळती धरूनही दहाएक तास निघतात.

पण बॅटरीपेक्षा महत्त्वाचं आहे ते वीज आल्यावर काय परत चालू होतं, हे. पावसाळ्यात पंपाच्या वायरीत ओल शिरते, गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी खाली पडतो आणि त्याच्याबरोबर सगळं घर. म्हणून मीटरनंतर लगेच कॅमेरा आणि राउटरसाठी वेगळी वाट काढून घ्यावी. तिचा एमसीबी वेगळा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही वेगळा. मग निघताना बाकी घराचा मेन खुशाल पाडावा. उंदीर, ओल, जुनं वायरिंग यांची भीती तिथेच संपते आणि जिवंत राहते ती नवी, पाइपातून नेलेली एकच वायर.

कमी दाबाची काळजी नको. बहुतेक ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, स्टॅबिलायझर घेणं म्हणजे पैसे वाया. धोका उलट बाजूचा आहे. खांबावरची न्यूट्रल तुटली की घर दोन फेजांच्या मध्ये लोंबकळतं आणि २३०च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. ॲडॉप्टर, राउटर, फायबरचा डबा एका मिनिटात जातात. त्यासाठी बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले मिळतो. दाब बिघडला की तोडतो, सुधारला की काही मिनिटांनी स्वतःच जोडतो. स्वतःच जोडतो की बटण दाबावं लागतं, हे विकत घेताना विचारावं. हाच प्रश्न यूपीएसला, राउटरला आणि स्मार्ट प्लगला लावावा. काही स्मार्ट प्लग वीज आल्यावर ‘बंद’ अवस्थेतच राहतात. ॲपमध्ये ते बदलता येतं.

एवढं झालं की गावातून निघण्यापूर्वी दोन दिवस एक परीक्षा घ्यावी. त्या वाटेचा एमसीबी पाडायचा, बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, आणि वीज सुरू करून काहीही न हाताळता ओटीवर गप्पा मारत बसायचं. पाच मिनिटांत मोबाइल डेटावरून चित्र दिसलं आणि कॅमेऱ्याचं तोंड ठरवलेल्या जागी असलं तर पास. घरच्या वायफायवरून पाहू नये, त्याने इंटरनेट परतलं की नाही ते कळत नाही.

वळीव आणि कातळ

मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधले गडगडाटी पाऊस कॅमेऱ्यांना श्रावणसरींपेक्षा जास्त मारतात. वीज थेट घरावर पडावी लागत नाही. आसपास पडली तरी लांब तांब्याच्या केबलमध्ये क्षणभर हजारो व्होल्ट उठतात. घरापासून बेड्यापर्यंत मोकळ्यावरून नेलेली नेटवर्क केबल त्यासाठी अगदी आयती. सर्ज प्रोटेक्टर लावावेत, पण त्यांनी अडवलेला लोंढा जमिनीत जायला अर्थिंग हवं, आणि इथे लांज्याची भूमी आडवी येते. जांभ्याचा कातळ एप्रिल-मेपर्यंत हाडासारखा कोरडा होतो. त्यात ठोकलेल्या सळईला जमीन भेटतच नाही. अर्थिंगसाठीचं भारतीय मानक आयएस ३०४३ मातीचा रोध मोजून खड्डा ठरवायला सांगतं. व्यवहारात एवढं करावं की खड्डा कातळावर न खणता माडांच्या आळ्याजवळ किंवा मोरीचं पाणी मुरतं तिथे, मातीत घ्यावा, बेंटोनाइट भरावं आणि वायर जाड वापरावी.

अंतर पन्नास मीटरच्या वर असेल तर फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावणं मला जास्त पटतं. धातू नसलेल्या काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. मग बेड्यापाशी विजेची सोय वेगळी करावी लागते, हे खरं. पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेलं दामिनी ॲप परिसरातल्या विजांची सूचना देतं, आणि ती पाहून काही जण मुंबईतून स्मार्ट प्लग बंद करतात. जिने ढगापासून जमिनीपर्यंतची हवा फोडली तिला त्या प्लगच्या आतली केसभर फट काय अडवणार!

जिथे वायर जात नाही

मांगर, आंब्याची कलमं, नदीकाठचा मळा अशा ठिकाणी सौर पॅनेल आणि सिमकार्डवर चालणारा कॅमेरा लावतात. बाजारातले बहुतेक झोपाळू असतात. शरीराची उष्णता जाणवली की जागे होतात आणि काही सेकंदांचं चित्रण करतात. सलग चित्रण हवं तर ५ वॅटचे दिवसाला १२० वॅट-तास लागतात. १०० वॅटचं पॅनेल मे महिन्यात त्याच्या तिप्पट देतं. जुलैत ऊन निम्म्यावर येतं, आणि झड लागलेल्या दिवसांत जवळजवळ काहीच मिळत नाही. तीन दिवसांचा साठा म्हणजे ३६० वॅट-तास, म्हणजे गळती धरून ४० अँपिअर-तासांच्या आसपासची लिथियम बॅटरी.

पॅनेल दक्षिणेकडे कलतं ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लांजा १७ अंश अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. ज्या महिन्यांत उजेडाची चणचण, त्याच महिन्यांत जास्त कललेलं पॅनेल पाठ फिरवून बसतं. कल दहा अंशांच्या वर नेऊ नये. पाणी आणि शेवाळ ओघळून जाण्यापुरता तो पुरतो.

सिमचा हिशोबही करून ठेवावा. २ मेगाबिटचं चित्र तासाला ९०० एमबी घेतं, दिवसाला साडेएकवीस जीबी. रोज दोन जीबीच्या रिचार्जवर ते शक्यच नाही. चित्रण कार्डावर ठेवावं आणि नेट फक्त इशारे आणि अधूनमधून डोकावण्यासाठी वापरावं.

रात्रीचे इशारे हा एक स्वतंत्र छळ आहे. इन्फ्रारेडच्या उजेडात भिंगासमोरची पाखरं फुटबॉलएवढी दिसतात, कोळी तिथेच जाळं विणतो, पावसाचा प्रत्येक थेंब चमकतो. आपोआप पाठलाग करण्याची सोय चालू ठेवली तर वाऱ्याने हलणाऱ्या केळीच्या पानामागे कॅमेरा रात्रभर मान हलवतो आणि आतली प्लास्टिकची चाकं झिजवून घेतो. पावसाळ्यात ही सोय बंद ठेवावी, आणि इशारा फक्त माणसासाठी मागावा. कोकणात पहाटे तीनला अंगणातून शांतपणे चालत गेलेला बिबट्या मग इशाऱ्यात येणार नाही, कार्डावर सापडेल.

खरेदीपूर्वी एक पाहावं. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२४च्या एप्रिलमध्ये सुरक्षेच्या आवश्यक अटी जाहीर केल्या आणि ९ एप्रिल २०२५पासून त्या लागू आहेत. त्यांत बसणारा कॅमेरा घ्यावा आणि कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने न बदललेल्या पासवर्डांची यादी वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या होत्या. कॅमेऱ्याच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

फिरत्या मानेमुळे शेजाऱ्यांचं अंगण आणि न्हाणीघरही टप्प्यात येतं. ॲपमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करून टाकता येतो. तो शेजाऱ्यांना बोलावून, त्यांच्या देखत करावा. किल्ली बहुधा त्यांच्याकडेच असते, आणि बोर्डातला कोणता एमसीबी कॅमेऱ्याचा हेही त्यांनाच दाखवून ठेवायचं असतं.

चोरी झालीच, तर १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरून जुनं पुसायला लागतं, हे ध्यानात ठेवावं. त्याच दिवशी क्लिप उतरवून घ्यावी, आणि शक्य तर कार्डच काढून पाकिटात बंद करून दुसरं घालावं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार अशा चित्रणासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. पहिला भाग ते सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून काढलेला लांबलचक आकडा. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप पोलिसांना दाखवायला ठीक, पण ॲपने ती दाबून लहान केलेली असल्याने तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी घ्यावी आणि कॅमेऱ्याचं घड्याळ त्या वेळी किती पुढे-मागे होतं तेही लिहून द्यावं. वीज वारंवार जाणाऱ्या घरात ते बरेचदा चुकलेलं असतं.